खासगी सापळे

समाजमाध्यमावर किंवा डेटिंग ॲपवर तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलीच्या नावाने बनावट खाते उघडायचे, संदेश पाठवणाऱ्या प्रौढाला बोलते ठेवायचे, भेटीची जागा आणि वेळ ठरवायची आणि माणूस ठरल्या ठिकाणी आला की मोबाइलचा कॅमेरा रोखून त्याला चारचौघांत जाब विचारायचा, ही खासगी स्टिंग ऑपरेशनची पद्धत गेल्या वीस वर्षांत अनेक देशांत रुळली आहे. ती चालवणारी माणसे पोलीस नसतात आणि बहुतेक वेळा पत्रकारही नसतात. ब्रिटनमध्ये त्यांना ‘पीडोफाइल हंटर’ म्हणतात, म्हणजे मुलांचे लैंगिक शोषण करणाऱ्यांचे शिकारी. विषय लहान मुलांचा असल्याने लोकांची सहानुभूती त्यांना आपसूक मिळते आणि पकडलेला माणूस निर्दोष असू शकेल ही शंका सहसा कोणी बोलून दाखवत नाही. कायद्याला मात्र ती शंका घ्यावीच लागते.

या पद्धतीला प्रसिद्धी मिळाली ती अमेरिकेत. ‘परव्हर्टेड जस्टिस’ नावाच्या स्वयंसेवकांच्या गटाला हाताशी धरून एनबीसी वाहिनीने ‘डेटलाइन’ कार्यक्रमात २००४ पासून ‘टू कॅच अ प्रिडेटर’ ही मालिका दाखवली. तिचा साचा ठरलेला होता. छुपे कॅमेरे बसवलेले एक घर, वयाने लहान दिसणारी एक नटी, ‘आत ये, मी आलेच’ अशी तिची हाक, आणि मग तिच्याऐवजी हातात चॅटचे छापील कागद घेऊन समोर येणारा सूत्रसंचालक क्रिस हॅन्सन. तो शांत आवाजात त्या माणसाचेच संदेश त्याला वाचून दाखवी. माणूस बाहेर पडला की अंगणात दबा धरून बसलेले पोलीस त्याला जमिनीवर पाडून बेड्या घालत. सुरुवातीच्या भागांत पोलीस नव्हते, ते पुढे आले. स्वयंसेवकांच्या गटाला वाहिनी मोबदला देऊ लागली आणि इथेच प्रश्न सुरू झाला. गुन्हा शोधणारा, पुरावा तयार करणारा आणि त्याचा कार्यक्रम करून विकणारा असे तिघे एकाच पंगतीला बसले होते.

नोव्हेंबर २००६ मध्ये टेक्सास राज्यातील मर्फी या लहानशा शहरात असाच सापळा लागला. बनावट मुलाशी बोलणाऱ्यांत शेजारच्या काउंटीतील एक सहायक सरकारी वकील होता. तो त्या घरी आलाच नाही. तरीही पोलीस वॉरंट घेऊन टेरेल गावातल्या त्याच्या घरी गेले. वाहिनीचे कॅमेरे बाहेर सज्ज होते. सशस्त्र पथक दार उघडून आत शिरले, तेव्हा त्याने स्वतःवर गोळी झाडली. त्याच्या बहिणीने वाहिनीवर १० कोटी ५० लाख डॉलरचा दावा लावला. न्यायाधीश डेनी चिन यांनी २००८ मध्ये तो प्राथमिक टप्प्यावर फेटाळण्यास नकार दिला आणि पुढे तडजोड झाली. मर्फीच्या त्या मोहिमेत वीसहून अधिक पुरुष पकडले गेले होते, पण तिथल्या जिल्हा सरकारी वकिलाने २००७ मध्ये त्या खटल्यांना हात लावण्यास नकार दिला. संवाद होत असताना बहुतेक प्रकरणांत ना आरोपी त्या काउंटीत होता, ना बनावट मूल बनून बोलणारा स्वयंसेवक. म्हणजे खटला चालवण्याचा अधिकारच तिथल्या न्यायालयाकडे नव्हता, आणि पुरावाही अपुरा होता. टीव्हीवर ज्यांचे चेहरे लाखो लोकांनी पाहिले, ते न्यायालयात आरोपी म्हणून उभेच राहिले नाहीत. त्यांच्यातल्या दोषींना शिक्षा झाली नाही आणि कोणी निर्दोष असेल तर त्याला तसे सिद्ध करायला जागा उरली नाही.

ब्रिटनमध्ये गोष्ट वेगळ्या दिशेने गेली. तिथे टीव्ही वाहिनीची जागा फेसबुक लाइव्हने घेतली. शहरागणिक गट उभे राहिले. कोणी व्यवसायाने ट्रकचालक, कोणी गृहिणी, काही जण स्वतःच बालपणी अत्याचार सोसलेले. २००३ च्या लैंगिक गुन्हे कायद्याने मुलाशी संधान बांधून त्याला भेटायला जाणे हा गुन्हा ठरवला होता. एप्रिल २०१७ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये मुलाशी लैंगिक संवाद साधणे हाही स्वतंत्र गुन्हा झाला. पलीकडचे मूल खोटे असले तरी ‘प्रयत्न’ म्हणून शिक्षा होऊ शकते, कारण १९८१ च्या कायद्यानुसार गुन्हा प्रत्यक्षात अशक्य होता हा बचाव चालत नाही. त्यामुळे या गटांचे पुरावे न्यायालयात टिकू लागले. बीबीसीने माहिती अधिकारात मिळवलेल्या आकड्यांनुसार, मुलाशी संधान बांधून भेटायला जाण्याच्या खटल्यांपैकी २०१४ मध्ये ११ टक्क्यांत शिकारी गटांचा पुरावा वापरला गेला होता. २०१६ मध्ये ते प्रमाण ४४ टक्क्यांवर गेले. पोलिसांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी एकीकडे या गटांना नावे ठेवायची आणि दुसरीकडे त्यांनी आणून दिलेल्या माणसावर आरोपपत्र ठेवायचे, अशी दुहेरी भूमिका घेतली. ती अवघडलेली असली तरी अगदी अप्रामाणिक म्हणता येत नाही. पुरावा समोर आल्यावर तो नाकारून आरोपीला घरी पाठवणे कोणत्या पोलिसाला परवडेल?

या पेचावर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये निकाल दिला. स्कॉटलंडमधील एका गटाच्या सदस्याने ग्राइंडर या डेटिंग ॲपवर तेरा वर्षांचा मुलगा असल्याचे सांगून एका प्रौढ पुरुषाशी संवाद केला होता. त्या माणसाने अश्लील मजकूर आणि छायाचित्र पाठवले आणि ग्लासगोच्या पार्टिक स्टेशनवर भेट ठरवली. तिथे गटाच्या लोकांनी त्याला गाठले, पोलीस येईपर्यंत थांबवून ठेवले आणि तो प्रसंग समाजमाध्यमावर थेट दाखवला. शिक्षा झाल्यावर त्याने बाजू मांडली, की माझ्या खासगी जीवनाच्या आणि पत्रव्यवहाराच्या हक्काचा भंग करून मिळवलेला पुरावा सरकारने वापरायला नको होता. न्यायालयाने एकमताने त्याचे अपील फेटाळले. मूल समजून एखाद्याला पाठवलेला लैंगिक मजकूर खासगी राहील अशी रास्त अपेक्षा पाठवणाऱ्याला धरता येत नाही, आणि मुलांचे रक्षण करण्याचे राज्यसंस्थेचे कर्तव्य इथे वरचढ ठरते, असे न्यायालयाचे म्हणणे होते. या निकालाचा अर्थ मात्र बेताने लावायला हवा. आरोपीला संरक्षण का मिळणार नाही, एवढेच त्याने सांगितले. रेल्वे स्टेशनवर माणसाला अडवून त्याचे थेट प्रक्षेपण करणे योग्य आहे, असे न्यायालयाने म्हटलेले नाही.

गुन्हा उघडा पाडणे आणि गुन्हा घडवून आणणे यांतली रेघ कुठे ओढायची, हा सापळ्यासंबंधीचा सगळ्यात जुना प्रश्न. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९३२ मध्ये सॉरेल्स खटल्यात त्याचा विचार केला. दारूबंदीच्या काळात पर्यटक बनून आलेल्या सरकारी माणसाने, आपणही महायुद्धात लढलेले सैनिक आहोत असे सांगत, नॉर्थ कॅरोलायनातील एका माजी सैनिकाकडे पुन्हा पुन्हा दारू मागितली. शेवटी त्याने ती आणून दिली आणि तो पकडला गेला. न्यायालय म्हणाले, ज्याच्या मनात गुन्ह्याचा विचार नव्हता त्याच्या मनात तो सरकारनेच रुजवला असेल, तर त्याला बचावाची संधी मिळायला हवी. १९९२ च्या जेकबसन खटल्यात हे तत्त्व आणखी पक्के झाले. नेब्रास्कातल्या एका वयस्कर शेतकऱ्याला सरकारी खात्यांनी बनावट संस्थांच्या नावाने सव्वीस महिने पत्रे आणि जाहिराती पाठवल्या आणि अखेर त्याने मुलांची अश्लील छायाचित्रे मागवली. पाच विरुद्ध चार मतांनी त्याची शिक्षा रद्द झाली. ब्रिटनमध्ये २००१ च्या लूझली निकालाने अशीच कसोटी दिली. पोलिसांनी साधी, नेहमीची संधी समोर ठेवली तर हरकत नाही, त्यापलीकडे गेले तर खटला थांबवता येतो.

आता यातली मेख अशी, की हा बचाव राज्यसंस्थेच्या विरोधात आहे. सरकारने नागरिकाला गुन्ह्यात ढकलू नये, हे त्यामागचे तत्त्व. खासगी माणसाने ढकलले तर अमेरिकेत हा बचाव साधारणपणे मिळत नाही, आणि ब्रिटिश अपील न्यायालयाने २०१८ मध्ये तत्त्वतः शक्य पण क्वचितच लागू होणारा, अशी त्याची जागा ठरवली. जे पोलिसाने केले तर खटला बुडेल, ते शिकाऱ्याने केले तर खपून जाते, असा हा उलटा न्याय आहे. प्रशिक्षित, जबाबदार आणि नियमांनी बांधलेल्या यंत्रणेवर जास्त बंधने, आणि ज्याला कोणी प्रश्न विचारणार नाही त्याच्यावर कमी. मूल बनलेल्या स्वयंसेवकाने आधी लैंगिक विषय काढला का, माणूस मागे हटला तेव्हा ‘का येत नाहीस?’ असा लकडा लावला का, वय सुरुवातीला अठराच्या वर सांगून मग हळूच खाली आणले का, हे सगळे चॅटच्या पूर्ण नोंदीवरून कळते. प्रेक्षकांना मात्र त्यातले दोन-चार स्क्रीनशॉट दिसतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाला सापळा हा शब्द परिचित आहे तो लाचलुचपत प्रतिबंधक विभागामुळे. ‘लाच घेताना रंगेहाथ पकडले’ ही बातमी दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून येते. त्या एका वाक्यामागे बरीच कागदपत्रे असतात. तक्रार आली की विभाग आधी पडताळणी करतो. तक्रारदाराला ध्वनिमुद्रण यंत्र देऊन संबंधित कर्मचाऱ्याकडे पाठवले जाते, सोबत पंच असतात, आणि पैशाची मागणी खरोखर होते का ते नोंदवून पडताळणी पंचनामा होतो. मागणी सिद्ध झाली तरच पुढची पायरी. नोटांचे क्रमांक लिहून घेतले जातात आणि त्यांवर अँथ्रासिनसारखी भुकटी लावली जाते, जी साध्या उजेडात दिसत नाही पण अतिनील दिव्याखाली चमकते. तक्रारदाराला बजावले जाते, की समोरच्याने मागितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. पंच बहुधा दुसऱ्या खात्यातले सरकारी कर्मचारी असतात, म्हणजे तक्रारदाराचे मित्र नव्हेत आणि विभागाचेही नव्हेत. ठरलेला इशारा मिळाला की पथक आत जाते, हातांवर आणि खिशावर दिवा धरला जातो आणि दुसरा पंचनामा होतो. एवढे करूनही खटले सुटतात. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले, की लाचेची मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध व्हायला हवेत, मग ते परिस्थितिजन्य पुराव्याने का होईना.

ऑनलाइन शिकाऱ्यांच्या सापळ्यात यातले जवळजवळ काहीच नसते. पंच नाही, पडताळणी नाही, ‘मागितल्याशिवाय देऊ नका’ असे बजावणारे कोणी नाही. पंचाच्या जागी प्रेक्षक असतो, आणि त्याला सगळ्यात आधी निकाल हवा असतो. लाच प्रकरणात कायद्याने तक्रारदाराचीही काळजी घेतली आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो, पण पोलिसांना वा तपास यंत्रणेला आधी कळवून, त्यांच्या मदतीसाठी पैसे देणारा त्यातून वगळलेला आहे. आधी कळवणे ही अट महत्त्वाची आहे. कायद्याने सापळ्याला दार उघडले ते त्याच जागी.

नागरिकांनी लावलेले सापळे महाराष्ट्रात पूर्वीपासून आहेत आणि त्यांतले काही फळाला आले आहेत. साताऱ्याच्या वर्षा देशपांडे आणि त्यांच्या लेक लाडकी अभियानाने बेकायदा गर्भलिंगनिदान करणाऱ्या डॉक्टरांकडे गर्भवती महिलांना बनावट गिऱ्हाईक म्हणून पाठवले. बीड जिल्ह्यातील परळीचे गाजलेले गर्भलिंगनिदान प्रकरण याच मार्गाने पहिल्यांदा उघड झाले. या सापळ्यांतही नैतिक अडचणी होत्या. गर्भवती बाईची संमती, तिची सुरक्षितता, पुढे वर्षानुवर्षे साक्षीसाठी न्यायालयाच्या फेऱ्या. पण गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यात न्यायालयात तक्रार करायची ती समुचित प्राधिकाऱ्याने, किंवा त्याला किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन इतर कोणी. त्यामुळे सापळा यशस्वी व्हायचा तर सरकारी यंत्रणेला सोबत घेणे किंवा निदान हलवणे भाग होते.

पत्रकारांच्या स्टिंगबाबत भारतीय न्यायालयांनी वेगवेगळे सूर लावले आहेत. तहलका या वृत्तसंकेतस्थळाच्या २००१ च्या ‘ऑपरेशन वेस्ट एंड’ने संरक्षण खरेदीतले दलाल आणि भाजपचे तत्कालीन अध्यक्ष बंगारू लक्ष्मण यांना कॅमेऱ्यावर पैसे घेताना दाखवले. लक्ष्मण यांना २०१२ मध्ये शिक्षा झाली. पण त्याच मोहिमेत लष्करी अधिकाऱ्यांना जाळ्यात ओढण्यासाठी वेश्यांचा वापर झाल्याचे उघड झाले आणि टीकेचे मोहोळ उठले. २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेणारे खासदार कॅमेऱ्यात सापडले आणि अकरा जणांची संसदेतून हकालपट्टी झाली. ते चित्रण करणाऱ्या पत्रकारांवरचा गुन्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये घटनेतील मूलभूत कर्तव्यांचा आधार देत रद्द केला. दुसरीकडे, केंद्रीय राज्यमंत्री दिलीपसिंग जूदेव यांना २००३ मध्ये पैसे घेताना चित्रित करणाऱ्यांवरच लाचेला प्रोत्साहन दिल्याचे आरोपपत्र दाखल झाले. ते रद्द करण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये नकार दिला. हेतू चांगला होता असे सांगितल्याने गुन्हा पुसला जात नाही आणि तो हेतू खरोखर काय होता हे खटल्यातच ठरेल, अशी न्यायालयाची भूमिका होती. स्टिंग करणाऱ्याला भारतात सरसकट अभय नाही, हे या निकालावरून समजून घ्यावे.

खोट्या स्टिंगची किंमत किती असते हे दिल्लीत २००७ मध्ये दिसले. सरकारी शाळेतील गणिताची एक शिक्षिका विद्यार्थिनींना वेश्याव्यवसायात ढकलते, असे दाखवणारी चित्रफीत लाइव्ह इंडिया वाहिनीने ऑगस्टच्या अखेरीस प्रसारित केली. शाळेबाहेर जमाव जमला, शिक्षिकेला मारहाण झाली, तिचे कपडे फाडले गेले आणि वर तिलाच अटक झाली. पुढे तपासात निघाले, की चित्रफितीतली ‘विद्यार्थिनी’ विद्यार्थिनी नव्हतीच, आणि सगळा प्रकार रचलेला होता. वार्ताहराला अटक झाली, सरकारने वाहिनी महिनाभर बंद ठेवली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन स्टिंगसाठी मार्गदर्शक सूचना सुचवल्या. त्यांत प्रसारणाआधी समितीची परवानगी घेण्याची सूचनाही होती. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये, बीएमडब्ल्यू अपघात प्रकरणातील साक्षीदार फोडण्याच्या स्टिंगबाबत निकाल देताना, प्रसारणाआधी न्यायालयाची परवानगी घेणे म्हणजे पूर्वनियंत्रणच ठरेल म्हणून ती कल्पना मान्य केली नाही. निदान वाहिनीला परवाना असतो, संपादक असतो, खटला भरायचा तर पत्ता असतो. टोपणनावाने चालणाऱ्या यूट्यूब चॅनेलच्या बाबतीत यातले काय हाती लागणार?

मुलांच्या नावाने लावलेल्या सापळ्याकडे भारतीय कायदा कसा पाहील? मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यात ‘बालक’ म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्ती. लैंगिक हेतूने बालकाशी इलेक्ट्रॉनिक माध्यमातून सतत संपर्क साधणे हा त्यात गुन्हा आहे, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ब मुलांना लैंगिक हेतूने ऑनलाइन नात्यात ओढण्यालाही शिक्षा सांगते. पण बनावट खात्यामागे बत्तीस वर्षांचा स्वयंसेवक असेल, तर बालक कुठे आहे? इथे मदतीला येते ते जुन्या भारतीय दंड संहितेतील ‘प्रयत्ना’चे कलम. त्याखालची दोन उदाहरणे कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतात. दागिन्यांसाठी पेटी फोडली आणि ती रिकामी निघाली, किंवा खिशात हात घातला आणि खिसा रिकामा निघाला, तरी चोरीचा प्रयत्न झालाच. दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६२ मध्ये ती तशीच आली आहेत. पॉक्सोतही प्रयत्नासाठी स्वतंत्र तरतूद आहे. रिकाम्या खिशाचा तर्क नसलेल्या मुलाला लावता येईल, असा युक्तिवाद सरकारी वकील करू शकतो. बचाव पक्ष म्हणेल, की खिसा निदान खरा होता. ब्रिटनसारखी स्पष्ट तरतूद इथे नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंना वाव राहतो.

सापळा लावणारा स्वतः कोणकोणत्या कलमांत सापडू शकतो, ही यादी त्या मानाने ठोस आहे. माणसाला घेरून जाऊ न देणे म्हणजे बेकायदा अटकाव किंवा कैद. नागरिकाला अटकेचा अधिकार आहे खरा, पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार तो स्वतःच्या समक्ष घडलेल्या दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्ह्यापुरता आहे, आणि पकडलेल्याला विनाविलंब, सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. व्हिडिओ चित्रित करून, संगीत चढवून, दुसऱ्या दिवशी ‘भाग २’ म्हणून टाकायला त्यात जागा नाही. आरोप खरा असला तरी बदनामीच्या गुन्ह्यातून सुटायला तो सार्वजनिक हितासाठी केला हेही दाखवावे लागते. ‘पैसे दे, नाहीतर व्हिडिओ टाकतो’ असे कोणी म्हटले की तिथे सरळ खंडणी झाली. हे दूरचे नाही. डेटिंग ॲपवरून माणसाला, विशेषतः समलिंगी पुरुषांना, बोलावून लुटणाऱ्या टोळ्या हीच पटकथा वापरतात. शिकारी आणि लुटारू यांच्यात बाहेरून पाहणाऱ्याला फरक करता येत नाही.

सगळ्यात धोकादायक जागा छायाचित्रांची आहे. संवाद खरा वाटावा म्हणून स्वयंसेवकाने एखाद्या खऱ्या मुलीचा फोटो वापरला, तर त्या मुलीचा काही संबंध नसताना ती प्रकरणात ओढली जाते. समोरच्याने मुलांची अश्लील चित्रे पाठवली, तर ती ‘पुरावा’ म्हणून जवळ ठेवणे किंवा गटात फिरवणे स्वयंसेवकालाच अंगाशी येऊ शकते. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पॉक्सोच्या कलम १५ चा अर्थ लावताना अशा सामग्रीच्या साठवणुकीबद्दल कडक भूमिका घेतली. ती नष्ट न करता किंवा संबंधित यंत्रणेला न कळवता जवळ ठेवण्यातून पुढे पाठवण्याचा हेतू दिसत असेल, तर प्रत्यक्ष पाठवले नसले तरी गुन्हा होतो.

मग गोळा केलेल्या पुराव्याचे काय? भारतीय न्यायालये बेकायदा मार्गाने मिळालेला पुरावा केवळ त्या कारणाने फेटाळत नाहीत. या विषयातला पायाभूत निकाल मुंबईच्याच प्रकरणातला आहे. मुंबईच्या कॉरोनरने, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, एका डॉक्टरकडे लाच मागितल्याचे संभाषण पोलिसांनी टेलिफोनला टेपरेकॉर्डर जोडून मुद्रित केले होते. मलकानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ते ग्राह्य धरले. मात्र डिजिटल पुराव्याला आता प्रमाणपत्राची अट आहे. ती पक्की झाली तीही महाराष्ट्रातल्याच वादातून. जालना विधानसभा मतदारसंघात २०१४ मध्ये उमेदवार अर्जुन खोतकर यांचा अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर आला का, हे निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कचेरीतील चित्रीकरणावरून ठरवायचे होते, आणि त्या चित्रीकरणाचे प्रमाणपत्र अधिकारी देईनात. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र सक्तीचे असल्याचे सांगितले. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ते आता दोन भागांत लागते: एक भाग उपकरण हाताळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत फाइलचे हॅश मूल्य. हॅश मूल्य म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेली अक्षर-आकड्यांची ओळ. एक अक्षर बदलले तरी ती पार बदलते. कापलेला, जोडलेला, चौकटीत बसवलेला व्हिडिओ या कसोटीला लागला की मूळ फाइल मागितली जाते, आणि अनेकदा ती कोणी जपलेलीच नसते.

नैतिक बाजूत पैशाचा भाग टाळता येत नाही. व्ह्यूज आणि देणग्यांवर चालणाऱ्या चॅनेलला दर आठवड्याला नवा माणूस लागतो. हळूहळू निवड बदलते. कॅमेऱ्यासमोर रडणारा, गोंधळणारा, मतिमंद वाटणारा माणूस ‘चांगला’ भाग देतो. सराईत आणि धोकादायक गुन्हेगार भेटायला येतच नाही. मुलांवरचे बहुतेक अत्याचार ओळखीच्या माणसांकडून होतात, घरात, नात्यात, शिकवणीत. हा सापळा तिथे पोहोचत नाही. पकडलेल्या माणसाच्या घरी बायको असते, शाळेत जाणारी मुले असतात. त्यांच्या घराचा दरवाजा व्हिडिओत दिसतो, आणि त्यांनी काहीच केलेले नसते. ब्रिटनमध्ये अशा चित्रणानंतर आत्महत्या झाल्या आहेत. पोलिसांची आणखी एक तक्रार रास्त आहे. एखाद्यावर महिनोन्‌महिने पाळत ठेवून त्याच्यामागची साखळी शोधली जात असताना शिकाऱ्यांनी त्याला भर चौकात उघडे पाडले, तर तो घरी जाऊन संगणक पुसून टाकतो आणि खऱ्या मुलांपर्यंत पोहोचण्याचा धागा तुटतो.

आणि मग अनुकरण येते, ज्यात मूळ गटांनी घालून घेतलेले थोडेफार नियमही उरत नाहीत. ऑक्टोबर २०२० मध्ये नेदरलँड्समधील आर्नेम शहरात किशोरवयीन मुलांनी चॅटवरून बोलावलेल्या ७३ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षकाला इतके मारले, की तो मरण पावला. त्यानंतर तिथल्या पोलिसांनी ही शिकार थांबवण्याचे आवाहन केले. ऑक्टोबर २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथे एका विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी टिंडरवरून एका तरुणाला बोलावले, त्याच्यावर मुलींच्या मागे असल्याचा आरोप करत जमावाने त्याचा पाठलाग केला आणि चित्रीकरण केले. बोलावणारी मुलगी अठरा वर्षांची, म्हणजे सज्ञान होती. त्या विद्यार्थ्यांवरच अपहरणाच्या कटासह गुन्हे दाखल झाले. भारतात जमावाला सापळ्याचीही गरज पडलेली नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून ठेचून मारण्यात आले. मागे होती ती व्हॉट्सॲपवर फिरणारी अफवा. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले.

ज्या पालकाला मुलाच्या मोबाइलवर असा संवाद सापडतो, त्याच्यासाठी पॉक्सोचे कलम १९ मार्ग आखून देते: असा गुन्हा झाल्याची किंवा होण्याची शक्यता कळली, की पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे. १९३० हा सायबर गुन्ह्यांचा आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही मुलांविषयीची तक्रार करता येते. संवाद खोडू नये, समोरच्याला उत्तर देऊ नये, खाते बंद करू नये, फोन आहे तसा पोलिसांकडे द्यावा, असा सल्ला सायबर पोलीस देतात. पुढचा सापळा लावायचा की नाही, मुलाच्या खात्यावरून कोणी बोलायचे आणि पंच कोण असावेत, हे तपास अधिकारी ठरवतो. त्याने काही चुकीचे केले, तर त्याची उलटतपासणी घेता येते.